गाडी बाहेर, कूलर आत

अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाकडे गॅरेज आहे ते ओळखायचं असेल तर शटर शोधू नका. ज्या घरापुढे गाडी रस्त्यावर उन्हात उभी आहे, गाडीवर जुनी चादर आहे आणि चादरीवर मांजर झोपलं आहे, त्या घरी गॅरेज आहे. ज्यांच्याकडे गॅरेज नाही ती माणसं गाडीची काळजी घेतात. कुठं कडुनिंबाची सावली बघतात, कुठं महिन्याच्या भाड्यानं जागा घेतात, सकाळी उठून फडकं मारतात. गॅरेजवाला निर्धास्त असतो. त्याच्या गाडीला हक्काची जागा आहे. सध्या तिथं थोडं सामान आहे, एवढंच.

हे ‘सध्या’ आमच्या घरी माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे.

जुने शहर म्हणजे मोर्णेच्या पश्चिमेचं, असदगडाभोवतीचं अकोला. राजराजेश्वराचं देऊळ इथं, दहीहांडा वेस इथं, पोळा चौक इथं. पूल ओलांडला की पलीकडे रेल्वे स्टेशन, कलेक्टर कचेरी, गोरक्षण रोडचे बंगले. पलीकडच्यांनी घर बांधताना आधी गाडीची जागा सोडली आणि उरलेल्या जागेत स्वतःची सोय केली. आमची घरं उठली तेव्हा वाहन म्हणजे दमणी. दमणी, दोन बैल, एक म्हैस आणि वर्षाचं कुटार जिथं मावायचं तो कोठा. पुढं बैल वावरात गेले, म्हैस विकली, कुटाराच्या जागी सायकल आली, सायकलला टेकून लूना आली, लूनाच्या पुढ्यात स्कूटर आली. मग बाबांनी गल्लीकडची भिंत फोडून शटर बसवलं आणि कोठ्याचं गॅरेज झालं. बैल आणि म्हैस सोडली तर आत आलेलं काहीच बाहेर गेलं नाही. दमणीचं एक चाक अजून आत आहे. दुसरं कुठं गेलं यावर घराण्यात दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

मूळ काम संपलं तरी वस्तू ठेवायची, हे वळण आम्हाला किल्ल्यानंच लावलं असावं. औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावाचा हा असदगड. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो बराचसा पाडला, आणि जो उरला त्यात पुढं शाळा भरू लागली. तोफांच्या जागी पाढे. किल्ल्याचं हे होऊ शकतं तर फुटक्या बादलीत तुळस का लावू नये, असा आमच्या आईचा बिनतोड सवाल असतो.

अमेरिकेतल्या लोकांचंही काही वेगळं नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बत्तीस मध्यमवर्गीय घरांत जाऊन, फोटो काढून, सामान मोजलं. २०१२ साली त्याचं पुस्तक निघालं. त्या घरांच्या गॅरेजांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश गॅरेजांत गाडीला जागाच उरली नव्हती. हे मी वाचून दाखवल्यावर बाबांना फार बरं वाटलं. ‘म्हंजे आपन अमेरिकेच्या बरोबरीत आहो,’ म्हणाले. त्याच राज्यात पालो अल्टो गावी हेवलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी १९३८-३९ मध्ये एका गॅरेजातून धंदा सुरू केला, आणि ते गॅरेज आज सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून जपलेलं आहे. आमच्या चिरंजीवांनी हा दाखला देऊन आजीकडे गॅरेज रिकामं मागितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग त्यायच्या घरी कूलर नोहते का?’

प्रश्न बरोबर आहे. कूलरवाचून वऱ्हाडातल्या गॅरेजाची गोष्ट सांगताच येत नाही.

शटर अर्धं वर करा. पूर्ण वर होत नाही, कारण त्याच्या डब्याखाली शिडी अडकली आहे. शिडी काढायची तर शटर पूर्ण वर करावं लागतं. तेव्हा वाका आणि आत या. पहिलं दर्शन कूलरांचं. खोल्या चार, कूलर सात. पुण्यामुंबईच्या माणसाला यात चैन दिसते. त्याला मे महिन्यात इथं आणून पाहावं. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं. इतर गावांत हे कलम दंगलीसाठी लागायचं. आमच्याकडे सूर्याच्या वर्तनावरून लागलं. नवतपा सुरू झाला की या गावात माणसाची किंमत त्याच्या कूलरवरून होते, आणि लग्नाची बैठक मुलीकडच्या कूलरसमोर कोणाला बसवलं यावरून मोडू शकते.

आता सात का, ते ऐका. लोखंडी कूलर कधीच पुरता मरत नाही. पत्रा सडतो तेव्हा मोटर ठणठणीत असते. मोटर जळते तेव्हा पत्रा नुकताच रंगवलेला असतो. खालची टाकी गळते तेव्हा तिला आतून डांबर लावून आणखी दोन उन्हाळे काढता येतात, हे बाबांना ठाऊक असतं, आणि डांबराचा डबा त्यासाठीच कोपऱ्यात ठेवलेला असतो. पंप बिघडतो तेव्हा नवा आणतात, पण जुना ‘वायंडिंग करून’ घ्यायचा असतो. अशा रीतीनं प्रत्येक कूलरचा एखादा अवयव जिवंत आहे, आणि एक जरी अवयव धुगधुगत असेल तरी आमच्या घरात कोणाला खांदा देत नाहीत. बाबांचं गणित असं की दोन मेलेल्या कूलरांतून एक जिवंत निघतो. निघतो खरा. मागच्या साली निघाला. पण त्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले सुटे भाग जोडून पाहिले तर आणखी एक अर्धा कूलर झाला, आणि सहाचे सात झाले ते तेव्हाच.

मार्च उजाडला की या मंडळींना बाहेर काढायचं. जुनं गवत काढायचं, त्यातून पाली पळतात. नवं वूडवूल भरायचं, परिस्थिती असेल तर खस. जाळीच्या तारा पिळताना बोट कापायचं. मग बादलीभर पाणी ओतून पंप लावला की तो एकदा झटका देऊन आपण ओळख विसरलो नसल्याचं सांगतो. पहिल्या दिवशी ओल्या खसाचा वास घरभर पसरतो, आणि त्या वेळी वऱ्हाडी माणसाच्या तोंडावर जे समाधान दिसतं ते पगारवाढीच्या दिवशीही दिसत नाही. मृग लागला की उलटी वरात. कूलर परत गॅरेजात, आणि आठ महिने तिथंच. थोडक्यात, वर्षातले चार महिने गॅरेज रिकामं असतं. त्या चार महिन्यांत गाडी आत का लावत नाही, असं तुम्ही विचाराल. कारण त्या चार महिन्यांत तिथं ड्रम असतात.

अकोल्याचं पाणी महानहून येतं, काटेपूर्णा धरणातून. ते रोज येत नाही. नळ ‘येतो’ हा आमच्याकडे पाव्हण्यासारखा प्रकार आहे. कळवून येईलच असं नाही, पण आला तर घरातलं प्रत्येक भांडं त्याच्या स्वागताला लागतं. दोनशे लिटरचे निळे ड्रम, जुने लोखंडी पिंप, स्टीलची टाकी, तांब्याचा गुंड, सिमेंटच्या टाकीचं झाकण (टाकी फुटली, झाकण चांगलं आहे). यातलं काही टाकायचं नाव काढलं की आई शांतपणे म्हणते, ‘टाक ना. मंग नय आला का पानी तुह्या मोबाइलात भरतो.’

ड्रमांच्या मागं गाद्या. हा कापसाचा मुलूख. पूर्वी घरचा कापूस निघाला की चांगलं गाठोडं पिंजाऱ्याकडे जायचं आणि दरसाल दोन गाद्या वाढायच्या. एका गादीचं वजन असं की ती उचलणाऱ्याला तिच्यावरच झोपावं लागे. लग्नात साठ-सत्तर पाव्हणे मुक्कामाला, तेव्हा त्या लागायच्या. आता पाव्हणे हॉटेलात उतरतात, जेवायला हॉलमध्ये येतात आणि रात्रीच्या गाडीनं परत जातात. गाद्या मात्र अजून त्यांची वाट पाहत आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी फोमची गादी आणली ती रात्री नऊ वाजता, गल्ली जेवायला बसल्यावर. (त्यांचं माहेर अमरावती. अमरावतीकरांना आपलं गाव विभागाचं ठिकाण असल्यामुळं सगळ्या जिल्ह्यांना शिस्त लावायची जबाबदारी आपली, असं वाटतं.)

मग कावडीच्या मंडळाचं सामान. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं येतं. रात्रभर अनवाणी चालत माणसं येतात आणि सकाळी अख्खं जुने शहर रस्त्यावर असतं. त्या कावडीचे बांबू, दोर, एक ढोल आणि गुंडाळलेले फलक एका वर्षी ‘आठ दिवस ठेवतो, भाऊ’ म्हणून आमच्याकडे आले. ते मंडळ पुढं मोठं झालं, त्यांनी नवं सामान केलं. जुनं आमच्याकडे. देवाचं सामान कोण टाकतो? ढोलात सध्या उंदीर राहतो, आणि त्याचं वाहनपण लक्षात घेता त्यालाही कोणी हाकलत नाही.

स्कूटर राहिली. ती आजोबांच्या नावावर आहे. एमएच ३० सुरू व्हायच्या आधीचा नंबर. आजोबा जाऊन तप उलटलं, पण आरसी बुकावर ते अजून गाडी चालवतात. विकायची तर आधी नावावर करून घ्यावी लागेल, त्यासाठी वारसांच्या सह्या लागतील, आणि आजोबांना पाच मुलं.

तर हे सगळं आवरायचं, असं यंदा दिवाळीच्या आधीच्या रविवारी ठरलं. सगळं सामान गल्लीत काढायचं, चार ढीग करायचे: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. योजना सौभाग्यवतींची. पहिल्या तासात कळलं की एक ढीग कमी पडतो. पाचवा करावा लागला, ‘विचारायचं’. दुपारपर्यंत पहिल्या चारांत मिळून एक सायकलचा पंप होता. बाकी सगळं पाचव्यात.

कारण प्रत्येक वस्तूला मालक निघत होता. परात उचलली की आई म्हणे, ‘ती मोठ्या आत्याची. नागपूरले इचार.’ मुलांची तीनचाकी उचलली की ती पुण्याच्या भावाची. भाऊ आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एक चाक नसलेला, तो न्यू जर्सीच्या चुलतभावाचा. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं पहाट होती. बैल पाहून त्याचे डोळे भरून आले. ‘असू दे ना बावा, पुढच्या साली येतो तवा नेतो,’ म्हणाला. पुढच्या साली तो बैल विमानात कसा नेणार हे त्यानं सांगितलं नाही, पण मधल्या काळात त्याला तेल लावून ठेवायला मात्र सांगितलं. नागपूरच्या आत्यांनी परातीवर हक्क सांगितलाच, शिवाय सोबत एक पितळी डबा होता तो कुठं आहे, असंही विचारलं. डबा सापडत नाही. गॅरेज आवरल्यामुळं आमच्या घराण्यात एका वस्तूची भर पडली, आणि ती वस्तू हरवलेली आहे.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. अडगळ म्हणजे न झालेली वाटणी. आजोबांच्या मागं वावराचा फेरफार झाला, सातबाऱ्यावर नावं चढली, घराची नझूलमध्ये नोंद झाली. तलाठ्यानं, वकिलानं, भावाभावांनी मिळून सगळं वाटलं. पण परातीचा फेरफार कोणी केला नाही. चार एकर वावर भाऊ भावाला हसत सोडून देतो आणि सोऱ्याच्या चकत्यांवरून दहा वर्षं बोलत नाही. वावराला गट नंबर असतो. सोऱ्याला फक्त आठवण असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी.

दुपारी तीनला भंगारवाला आला. मी मुद्दामच बोलावला होता, म्हटलं परक्या माणसासमोर घरचे जरा व्यवहारानं वागतील. त्यानं हातगाडी लावली, काटा काढला आणि अनुभवी नजरेनं आधी आईकडे पाहिलं, मग सामानाकडे. लोखंड बाजूला, पत्रा बाजूला, प्लास्टिक बाजूला. पितळेची एक कोपर हातात घेतली, अंगठ्यानं पुसली आणि उन्हात तिरकी धरली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: चि. सौ. कां. अमुक हिस मामा-मामीकडून सप्रेम भेट, मु. तेल्हारा, मे १९७८. त्यानं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं. मग कोपर उलटी करून आईच्या हातात दिली.

‘काकू, याच्यावर नाव हाये. मी नाई नेत.’

‘काऊन रे? पितय हाये चांगलं.’

‘पितय चांगलंच हाये वो. पन नावाचं भांडं नेलं का दुसऱ्या दिवशी घरची बाई परत मांगाले येते. मंग मी ते तिले जास्तीनं इकलं का मले पाप लागते, अन् कमीत देलं का धंदा बुडते.’

इतका नीतिमान भंगारवाला पाहून आईला त्याच्यासाठी चहा टाकावा लागला. चहा पिता पिता त्यानं आईला विचारलं की मामा-मामी आहेत का, आणि पुढचा अर्धा तास तेल्हाऱ्यात गेला. ते लग्न भर मे महिन्यात झालं, वऱ्हाड ट्रकमधून आलं, कूलर नव्हते, वाळ्याच्या ताट्यांवर माणसं पाणी मारत बसली होती, आणि मामांनी ही कोपर अकोल्याच्या बाजारातून घेऊन तेल्हाऱ्याला नेऊन पुन्हा अकोल्याला आणली. कोपर ‘ठेवायचं’मध्ये गेली. तिच्याबरोबर, एकटी कशाला म्हणून, नाव कोरलेली सगळीच भांडी गेली. सौभाग्यवती अमरावतीच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या.

शेवटी त्यानं सायकलचा पंप, दोन सळ्या आणि रद्दी एवढंच घेतलं. निघताना वर पाहिलं. ऊन कडक होतं, आणि कूलर, ड्रम, गाद्या गल्लीत असल्यानं गॅरेजात पहिल्यांदाच फरशी दिसत होती. ‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘ऊन उतरेलोक गाडी आत लावू का?’

आमच्या गॅरेजात शटर बसल्यापासून चारचाकी आत लागली ती हीच. भंगाराची हातगाडी.

घर आवरायला शिकवणाऱ्या जपानच्या मारी कोंडोबाईंचं नाव आता आपल्याकडेही पोचलं आहे. २०१९ साली त्यांची मालिका आली तेव्हा आमच्याकडेही तिचे सगळे भाग पाहिले गेले. वस्तू हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, ही मला आनंद देते का? नसेल देत तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. विचार सुंदर आहे. फक्त बाईंनी तो अकोल्यात करून पाहायला हवा होता. डिसेंबरात कूलर हातात घेतला तर आनंद होत नाही, पाठीत चमक येते. तोच मेमध्ये आनंदच काय, मोक्ष देतो. गाद्यांचं याच्या उलट. तेव्हा प्रश्न वस्तूला विचारायचा की पंचांगाला? २०२३ साली बाईंनीच सांगून टाकलं की तिसरं मूल झाल्यापासून घर टापटीप ठेवायचा नाद आपण बराचसा सोडला आहे. ही बातमी आईला सांगितली. ‘शहानी बाई हाये,’ म्हणाली.

बाबांचा आदर्श वेगळा. ते पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं नाव घेतात. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी अशा वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि पुढं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केल्या. लोक आज तिकीट काढून बघायला जातात. ‘त्याइनंही हेच केलं,’ बाबा म्हणतात. यावर सौभाग्यवतींचं म्हणणं असं की त्यांनी वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या, काचेत ठेवल्या आणि मुख्य म्हणजे सरकारला दिल्या. यातलं तिसरं बाबांना जमणारं नव्हतं, दुसऱ्याला खर्च होता. पहिलं चिरंजीवांनी मनावर घेतलं. मार्कर आणून त्यानं सगळ्या खोक्यांवर नावं टाकली: ‘कामाचं’, ‘थोडं कामाचं’, ‘आबांना वाटतं कामाचं’, ‘आजी झोपल्यावर बघणे’. शेवटचं खोकं दुसऱ्या दिवशी सकाळी गायब होतं. आईला वाचता येतं हे तो विसरला होता.

या शहराला आवरता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मोर्णा नदीचं पात्र जलकुंभीनं असं भरलं होतं की पाणी दिसत नव्हतं. १३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर नदीत उतरले, अधिकारी उतरले, शाळेची पोरं उतरली, आणि लोकांनी हातानं ती जलकुंभी ओढून काढली. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. मला त्या मोहिमेत एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या हजारो माणसांत एकही जण असा नव्हता की जो म्हणाला, ‘ही वेल काढू नका, ही आमच्या मोठ्या आत्याची आहे.’ बेवारस घाण साफ करणं सोपं. वारस असलेली घाण साफ करायला मन की बात पुरत नाही. त्याला पाच भावंडांच्या सह्या लागतात.

आणि हे कुठं चाललंय, तर गाडगेबाबांच्या मुलखात. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव, सन १८७६. बालपण इथून जवळ, मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे, दापुऱ्याला मामाकडे. १९५६ च्या डिसेंबरात वलगावला शेवट. साऱ्या आयुष्याचं सामान एक खराटा, एक फुटक्या मडक्याचं खापर आणि अंगावरच्या चिंध्या. नाशिक-पंढरपुरापर्यंत धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी खोली म्हणून ठेवली नाही. गावात शिरले की बोलण्याआधी रस्ता झाडायला घ्यायचे, आणि रात्री कीर्तनात लोकांना साधे प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. माझ्या मनात कधी कधी येतं, गाडगेबाबा आमच्या गल्लीत आले, शटर वर केलं आणि आत वाकून त्यांनी नुसतं विचारलं, हे कोणासाठी ठेवलं, तर काय सांगायचं? गॅरेजात त्यांचा फोटो आहे. सन २००३ च्या कॅलेंडरावर. कॅलेंडर कामाचं नाही हे सगळ्यांना मान्य आहे, पण गाडगेबाबांचा फोटो रद्दीत कसा द्यायचा? तेव्हा ते खिळ्यावर आहे, आणि त्याच्या मागं मागच्या वर्षांची आणखी पाच.

रविवार संपला तेव्हा सगळं सामान परत आत गेलं. पण नीट. चिरंजीवांच्या आग्रहानं लोखंडी अँगलचा एक रॅक आणला. तो उभा करायला जागा नव्हती, म्हणून सध्या आडवा ठेवला आहे. सौभाग्यवतींनी एक रजिस्टर केलं असून त्यात वस्तू, मालक आणि ‘शेवटचं उत्तर’ असे रकाने आहेत. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘असू द्या’ आहे, एके ठिकाणी ‘फोन उचलत नाहीत’.

एक कूलर मात्र खरोखर कोणाचाच निघाला नाही. तो घरात कसा आला हे कोणालाही आठवत नाही, म्हणून तो देऊन टाकायला सर्वांची संमती आहे. पत्रा थोडा सडका, टाकीला आतून डांबर, मोटर नाही, स्टँड मजबूत. वाचकांपैकी कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जावा. अटी दोनच. एक, परत आणून द्यायचा नाही. दोन, मार्च लागायच्या आत न्यायचा, कारण मार्च लागला की बाबांना त्यात मोटर दिसू लागते. दुपारी दोन ते चार आई झोपते, त्या वेळात या. शटर अर्धंच उघडतं, तेव्हा वाकून यावं.